पाणमांजरं परत आणा, पण बिल खेकडेवाल्याच्या नावावर फाडू नका

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः ओरेगॉनमध्ये, समुद्री पाणमांजरं पुन्हा सोडावीत की नाही यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सांगण्यावरून तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २०२२मध्ये अहवाल दिला. ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियात त्यांची पुनर्स्थापना शक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या गावोगावी बैठका झाल्या आणि दोन तट पडले. एका बाजूला छातीवर दगड ठेवून शिंपला फोडणाऱ्या, पिल्लाला पोटावर घेऊन तरंगणाऱ्या प्राण्याचे व्हिडिओ, आणि त्यांच्याखाली ‘हा आला की समुद्रातली जंगलं परत येतील, हवामानही सावरेल’ अशी वाक्यं. दुसऱ्या बाजूला ‘हा आला की खेकडे संपले’ हे एकच वाक्य. माझ्या मते पाणमांजरं परत आणावीत. पण पहिला गट जी कारणं देतो त्यांसाठी नाही, आणि दुसऱ्या गटाच्या प्रश्नाला लेखी उत्तर दिल्याशिवाय तर मुळीच नाही.

हा सगळा तंटा उभा आहे तो या प्राण्याच्या शरीरातल्या एका उणिवेवर. देवमासा, सील, वॉलरस या सगळ्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. समुद्री पाणमांजराला तो नाही. गार पाण्यात जन्म काढायचा, तर त्याच्याकडे दोनच साधनं आहेत. एक म्हणजे केस. चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर, इतके दाट की आत हवा अडकून राहते आणि पाणी कातडीला शिवत नाही. दुसरं म्हणजे पोटातली भट्टी. ती पेटती ठेवायला रोज वजनाच्या वीस ते पंचवीस टक्के खावं लागतं. पंचवीस किलोच्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो खेकडे, शिंपले, सी अर्चिन (काटेरी, गोल समुद्री जीव), अॅबलोनी (मोठ्या कवचाची समुद्री गोगलगाय). त्या दाट केसांपायी माणसाने त्याची कत्तल केली. त्या भुकेपायी आज मच्छीमार त्याला नको म्हणतो आणि त्याच भुकेमुळे शास्त्रज्ञांना ते हवं आहे. केसांना तेल लागलं की आतली हवा जाते आणि प्राणी गारठून मरतो, म्हणून तेलगळतीची एवढी धास्ती. ज्याला ‘गोंडस’ म्हणून मिरवलं जातं तो प्राणी प्रत्यक्षात अतिशय खर्चिक आहे, आणि तो खर्च कोणाच्या तरी ताटातून जातो. यापासून सुरुवात न करणारी कुठलीही बाजू मला प्रामाणिक वाटत नाही.

आता थोडा इतिहास, कारण ‘आमचा समुद्र आहे तसा राहू द्या’ या विरोधकांच्या युक्तिवादाचा पाया तिथेच तपासता येतो. १७४१मध्ये रशियाच्या सेवेतल्या व्हायटस बेरिंगची मोहीम अलास्कापर्यंत पोचली, परतताना एका बेटावर जहाज फुटलं, बेरिंग तिथेच मेला. वाचलेले खलाशी रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्काला परतले ते पाणमांजरांची कातडी घेऊन. चिनी बाजारात त्या कातड्यांना मिळणारा भाव पाहून रशियन व्यापारी अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांवर तुटून पडले. तिथल्या उनांगन लोकांना वेठीला धरून शिकारीला जुंपलं गेलं. १७७८मध्ये कॅप्टन कुकच्या खलाशांनी आजच्या कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या नूटका खाडीत किरकोळ वस्तू देऊन घेतलेली कातडी पुढे चीनच्या कँटन बंदरात भरमसाट किमतीला गेली आणि ही बातमी जगभर झाली. आपल्याकडच्या वाचकाला माहीत नसेल, पण या धंद्यात मुंबईनेही हात धुऊन घ्यायचा प्रयत्न केला होता. १७८५च्या डिसेंबरात ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजं मुंबई बंदरातून नूटकाच्या दिशेने निघाली. मोहिमेचा प्रमुख होता ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जेम्स स्ट्रेंज आणि पैसा उभा करणाऱ्यांत मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट. कातडी अपेक्षेपेक्षा कमी मिळाली, धंदा आतबट्ट्याचा ठरला आणि मुंबईकरांनी नाद सोडला. इतरांनी सोडला नाही. कोलंबिया नदीच्या मुखावर १८११मध्ये वसलेलं अॅस्टोरिया, आज जिथे खेकड्यांच्या बोटी लागतात ते गाव, अमेरिकन व्यापारी जॉन जेकब अॅस्टरच्या कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं म्हणूनच जन्माला आलं. १९११मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून शिकार थांबवली तेव्हा, एके काळी दीड ते तीन लाख असलेल्या या प्राण्यांपैकी जेमतेम एक-दोन हजार उरले होते, तेही तुटक तुटक तेरा ठिकाणी. कॅलिफोर्नियात बिग सरच्या कड्यांखाली पन्नासेक. ओरेगॉनमध्ये शून्य.

मग ‘आहे तसा’ समुद्र म्हणजे कोणत्या सालचा? विसाव्या शतकात कॅलिफोर्नियात अॅबलोनीची जी सुबत्ता होती, अर्चिनचा जो निर्यातधंदा उभा राहिला, तो बऱ्याच अंशी खाणारा मारून टाकल्यामुळे साठलेल्या मालावरचा होता. त्या सुबत्तेला निसर्गाची मूळ देणगी म्हणता येत नाही. पण याच्या उलट बाजूने ‘१७४०चा समुद्र हाच खरा समुद्र’ असं म्हणणंही तितकंच पोकळ आहे. १७४०च्या किनाऱ्यावर माणसं होतीच, हजारो वर्षांपासून होती, आणि ती पाणमांजरांची शिकार करत होती. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत सापडणाऱ्या शिंपल्यांवरून असं दिसतं की गावाजवळच्या पाण्यात पाणमांजरं कमी राहतील याची तजवीज केली जात असे. तेव्हा निसर्ग विरुद्ध माणूस अशी मांडणी करून हा प्रश्न सुटणार नाही. आजचा मच्छीमार चार पिढ्या खेकड्यावर घर चालवतो. अॅस्टरच्या पापाचं प्रायश्चित्त त्याने घ्यावं, हे सांगणाऱ्याकडे स्वतःची बोट नसते, एवढंच मी म्हणेन.

समर्थकांचा सर्वांत लाडका मुद्दा केल्पचा. हे प्रचंड तपकिरी समुद्रशेवाळ तळाच्या खडकाला धरून पृष्ठभागापर्यंत उभं वाढतं आणि त्याच्या आसऱ्याला शेकडो जीव राहतात. अर्चिन ते कुरतडतात, पाणमांजर अर्चिन खातं. १९७४मध्ये जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी अल्यूशियन बेटांची तुलना प्रसिद्ध केली. जिथे पाणमांजरं होती तिथे केल्पचं रान होतं, जिथे नव्हती तिथे अर्चिनने सोलून काढलेला उघडा खडक. परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण कायमचं बसलं. पुढे नव्वदच्या दशकात तिथली पाणमांजरं झपाट्याने घटली. किलर व्हेल त्यांना खाऊ लागल्याचं स्पष्टीकरण एस्टेस आणि सहकाऱ्यांनी मांडलं. ती घटल्यावर अर्चिन वाढले, केल्प गेलं. सिद्धान्ताला उलट बाजूनेही दुजोरा मिळाला.

पण अल्यूशियन म्हणजे ओरेगॉन नव्हे. उत्तर कॅलिफोर्नियात शतकभर एकही पाणमांजर नव्हतं, तरी केल्प २०१३पर्यंत उभं होतं. कारण तिथे अर्चिनवर अंकुश ठेवणारा दुसरा एक शिकारी होता, वीस-वीस भुजांचा सूर्यफूल तारामासा. २०१३पासून ताऱ्यामाशांच्या रोगाने तो जवळपास नाहीसा झाला, पाठोपाठ समुद्र तापला, आणि काही वर्षांत तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. लाल अॅबलोनीची हौशी मासेमारी २०१८पासून बंद करावी लागली. आता पाणमांजर सोडलं तर ते हे उजाड खडक साफ करेल का? मध्य कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या किनाऱ्यावर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं उत्तर समर्थकांना आवडणारं नाही. उजाड खडकावरचे अर्चिन उपाशी असतात, त्यांच्या कवचात खाण्याजोगं काही नसतं, म्हणून पाणमांजर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. ते शिल्लक केल्पमधले भरलेले अर्चिन खातं. म्हणजे उरलेलं जंगल ते राखतं, मेलेलं उठवत नाही. जंगल राखणं ही काही छोटी कामगिरी नाही. पण ‘पाणमांजर सोडा, केल्प परत मिळवा’ असा फलक धरणाऱ्याला पाच वर्षांनी लोक जाब विचारतील, आणि तेव्हा त्या प्राण्याचीच पत जाईल.

कार्बनचं तर विचारूच नका. केल्प कार्बन शोषतं, हे खरं. त्यातला किती खोल समुद्रात कायमचा जातो आणि किती कुजून परत येतो, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्याचा जो सविस्तर आर्थिक हिशेब २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यातसुद्धा कार्बनचा वाटा सगळ्यात किरकोळ होता, वर्षाला सुमारे वीस लाख कॅनेडियन डॉलर. हवामानबदलाच्या नावाने या प्राण्याला वेठीला धरणं बंद केलेलं बरं.

मग आणायचं कशासाठी? कारण आज कॅलिफोर्नियातली सुमारे तीन हजार पाणमांजरं, म्हणजे त्या पन्नासांची सगळी वंशावळ, जवळपास सगळीच किनाऱ्याच्या एका पट्ट्यात गोळा झालेली आहे. १९८९मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा हजारो पाणमांजरं गेली. तेवढी गळती मध्य कॅलिफोर्नियात झाली तर दक्षिणेकडची उपजात एका हंगामात संपू शकते. शिवाय पन्नासांतून वाढलेल्या कळपाची जनुकीय विविधता तोकडी असते, आणि उत्तरेकडच्या वॉशिंग्टनच्या कळपाशी त्याचा संबंध येत नाही, कारण मधला सगळा किनारा रिकामा आहे. विरोधकांमधले समंजस लोक यावर म्हणतात, की रिकामा आहे तर हळूहळू ती आपली आपण येतील, मुद्दाम उचलून आणायची घाई कशाला? हा मुद्दा मला बराच काळ पटत होता. अडचण पांढऱ्या शार्कची आहे. शार्क पाणमांजर खात नाही. चरबी नसलेलं ते केसाळ भक्ष्य त्याला नकोच असतं. पण तो चावून बघतो, आणि तो एक चावा पुरतो. अलीकडच्या वर्षांत कॅलिफोर्नियात किनाऱ्याला लागणाऱ्या मृत पाणमांजरांपैकी निम्म्याच्या आसपास शार्कच्या चाव्यांची असतात, आणि हे चावे पट्ट्याच्या दोन्ही टोकांनाच जास्त होतात. केल्प विरळ झाल्यावर लपायलाही जागा उरत नाही. त्यात माद्या किनाऱ्याच्या काही किलोमीटरच्या टापूतच आयुष्य काढतात. वाट बघायला हरकत नाही, पण कुंपण जर शार्कचं असेल तर वाट कसली बघायची?

खेकड्याकडे येऊ. डन्जनेस खेकडा ही ओरेगॉनची सगळ्यात मोलाची मासेमारी. आग्नेय अलास्कात साठच्या दशकात चारशेच्या आसपास पाणमांजरं सोडली, आज ती वीस हजारांच्या वर आहेत. तिथे समुद्रकाकडी (तळावरचा एक मऊ जीव), मोठे शिंपले आणि खेकडा या धंद्यांना खरोखर फटका बसला. कित्येक खाड्यांमधली मासेमारी बंद झाली. घरच्या जेवणापुरते शिंपले वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबांनाही झळ लागली. हे नाकारणारे समर्थक माझ्या दृष्टीने वादातून बाद. उलट ते कॅलिफोर्नियातल्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. तिथे पाणमांजरांच्या पट्ट्यात खेकड्याची आवक घटलेली नाही. दोन्ही बाजू खरं बोलतात आणि दोन्ही आपल्याला हवा तेवढाच नकाशा दाखवतात. अलास्कातली खेकडेमारी आडोशाच्या, उथळ खाड्यांत चालते, म्हणजे नेमकी पाणमांजराच्या ताटात. ओरेगॉनच्या बोटी उघड्या समुद्रात वाळूच्या तळावर सापळे टाकतात, त्यांपैकी बरेच चाळीस मीटरहून खोल, जिथे पाणमांजर क्वचित बुडी मारतं. म्हणून अलास्कासारखा विध्वंस इथे होईल असं मला वाटत नाही. मात्र खेकड्याची पिल्लं वाढतात ती ओरेगॉनच्या खाड्यांत, आणि पाणमांजरं सोडायला सुरक्षित म्हणून ज्या जागा पुढे केल्या जातात त्यांतही याच खाड्या आहेत. इथे मच्छीमारांची भीती खुळी नाही. तिचं उत्तर जागेच्या निवडीतच द्यावं लागेल. सरसकट धीर देऊन ते देता येणार नाही.

एकदा ओरेगॉनमध्ये हे करून झालंय, याचीही आठवण हवी. अल्यूशियनमधल्या अॅमचिटका बेटाखाली अमेरिका अण्वस्त्रांच्या भूमिगत चाचण्या करत होती. त्या काळात तिथून पाणमांजरं उचलून इतरत्र हलवली गेली. अणुबॉम्बच्या छायेत झालेलं ते संवर्धन, ही इतिहासाची खोडच म्हणायची. १९७० आणि ७१मध्ये ९३ पाणमांजरं ओरेगॉनला आली. दहाएक वर्षांत एकही उरलं नाही. तितक्याच सुमाराला वॉशिंग्टनला सोडलेल्या ५९मधून मात्र आज दोन हजारांच्या वर झाली आहेत. ओरेगॉनमधली का गेली? बरीचशी पांगली, हे नक्की. प्रौढ पाणमांजराला घराची ओढ जबर असते. त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियात निघालेली वाट मला आश्वासक वाटते. माँटेरे बे अॅक्वेरियमने आईपासून तुटलेली पिल्लं मत्स्यालयातल्याच माद्यांच्या हवाली केली, त्यांनी ती वाढवली आणि मग ती एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडली गेली. तिथल्या पाणमांजरांच्या वाढीतला निम्म्याहून जास्त भाग या पिल्लांचा आणि त्यांच्या पोराबाळांचा होता. त्या खाडीत खेकडे कमी झाल्यावर सागरी गवत सावरलं आणि खारट दलदलीच्या काठांची झीज मंदावली. याचे पुरावे अनेक वर्षांच्या मोजमापातून आले आहेत. त्यांत केल्पसारखं अतिरंजित काही नाही, म्हणून ते मला जास्त वजनदार वाटतात.

पण मच्छीमारांच्या अविश्वासाचं खरं मूळ १९८७च्या घटनेत आहे. तेलगळतीचा विमा म्हणून सरकारने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन निकोलस बेटावर सुमारे १४० पाणमांजरं सोडली आणि बदल्यात मच्छीमारांना वचन दिलं, की बेट सोडून पॉइंट कन्सेप्शन या भूशिराच्या दक्षिणेला पाणमांजर येऊ दिलं जाणार नाही, आलंच तर पकडून परत नेऊ. कायदाच केला तसा. पाण्यावर रेघ ओढली. ती पाणमांजरांनी वाचली नाही. बेटावर डझन-दीड डझन राहिली, काही तर पोहत थेट आपल्या मूळ जागी गेली. पकडून नेलेल्यांपैकी काही परत आली, काही लवकरच मेली. १९९३मध्ये पकडणं थांबलं, २०१२मध्ये सरकारने रेघच पुसली, मच्छीमार कोर्टात गेले आणि हरले. जीवशास्त्राच्या दृष्टीने रेघ पुसणं अगदी बरोबर होतं. पण ज्याला वचन दिलं होतं त्याच्या हातात काय उरलं? आज तीच यंत्रणा ओरेगॉनच्या गावात येऊन ‘काळजी करू नका’ म्हणते, तेव्हा समोरच्या खुर्चीतला माणूस हाताची घडी घालून बसतो, यात अडाणीपणा कुठे आहे?

म्हणून माझा आग्रह पैशांचा आहे. व्हँकुव्हर बेटाच्या त्या हिशेबात शिंपले-खेकड्यांच्या धंद्याचं वार्षिक नुकसान सत्तर लाख डॉलरच्या आसपास निघालं, आणि फायदा पाच कोटींच्या वर. त्या फायद्यातला चार कोटींहून मोठा भाग होता पर्यटनाचा. एकूण बेरीज भरघोस, पण नफ्याचा आणि तोट्याचा खातेदार वेगळा. नफा हॉटेलवाल्याला, बोटीतून फिरवणाऱ्याला. तोटा सापळा टाकणाऱ्याला. ‘समाजाचा एकूण फायदा’ हे वाक्य ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला ऐकवणं हा उद्धटपणा आहे. पाणमांजरं सोडण्याआधी किनाऱ्यावरच्या हॉटेल-खोल्यांवर छोटा कर लावून निधी उभा करा. कोणत्या खाडीत आवक किती घटली तर किती भरपाई, हे आकड्यांत लिहा. ज्याला धंदा सोडायचा आहे त्याचा परवाना सरकारने योग्य किमतीला विकत घ्यावा. पहिलं पाणमांजर पाण्यात पडण्याआधी पैसा बँकेत असला पाहिजे, कारण मागाहून मिळणाऱ्या भरपाईवर कोणत्याही किनाऱ्यावरचा मच्छीमार विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

आणि एक प्रश्न, जो बैठकांमध्ये कोणीच मोठ्याने विचारत नाही. पन्नास वर्षांनी ती खरंच दहा हजार झाली तर? १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने शिकारीची मुभा फक्त अलास्काच्या मूळ रहिवाशांना आहे, तीही निर्वाहासाठी आणि हस्तकलेसाठी. सिलेट्झसारख्या ओरेगॉनच्या जमाती आज पुनर्स्थापनेच्या बाजूने उभ्या आहेत, नियोजनात पुढाकारही घेत आहेत. त्यांच्या पूर्वजांनी या प्राण्याबरोबर राहून दाखवलं, ते त्याला हात न लावता नव्हे. तेव्हा कोणत्या खाडीत किती पाणमांजरं, आणि त्यापुढे गेली तर कोणी काय करायचं, हे ठरवण्याच्या टेबलावर सिलेट्झ आणि खेकडेवाले दोघेही हवेत, आणि ते टेबल आत्ताच मांडायला हवं. प्राणिप्रेमी मंडळींना हे ऐकवणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ‘मारण्याचा प्रश्नच येणार नाही’ असं आज लिहून देणारा अधिकारी पाण्यावर दुसरी रेघ ओढत असेल.